हिरवा पट्टा

आष्टा, १२ जुलै

वन्संना शालनचा नमस्कार.

फोन सोडून पत्र का लिहिते म्हणाल. तुमचा फोन आला की तुमचे दादा तो स्पीकरवर घ्यायला लावतात आणि माझ्या तोंडाकडे बघत बसतात. माझ्या तोंडावर सगळं उमटतं, तुम्हाला ठाऊक आहे. उत्तर घरी पाठवू नका. पतसंस्थेच्या पत्त्यावर पाठवा, टपाल माझ्याच टेबलावर येतं.

एक विचारते, रागावू नका. रोज सकाळी चहाच्या वेळी ह्यांच्या फोनवर तुमच्या वजनाचा आकडा येतो. सृष्टीनं तुमच्या फोनवर ते ॲप घातलं तेव्हा तुमचा ‘सोबती’ म्हणून तिनं बापाचंच नाव दिलं. भाऊ बघतोय म्हटल्यावर आत्याला हुरूप येईल, असं तिचं म्हणणं. मला तेव्हा फार आवडलं होतं ते. पण गेले काही दिवस आकडा चढतोय. कालचा आकडा हिरव्या पट्ट्याच्या बाहेर होता, लाल रंगात.

वन्सं, तुम्ही ब्याण्णवावरून शहात्तरावर आलात. भाकरी अर्धी केलीत, चहातली साखर सोडलीत, चार भिंतींच्या टेकडीपर्यंत रोज चालत गेलात. कुणासाठी केलंत ते आम्हाला घरात बोलायलाही जड जातं. ह्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या, माझी माझ्या रक्तदाबामुळे चालत नाही, सृष्टीची ते घेऊ देणार नाहीत. जुळली ती तुमचीच. डॉक्टरांनी मात्र स्पष्ट सांगितलंय, वजन उतरवून भागणार नाही, दिवाळीपर्यंत अठ्ठ्याहत्तरच्या खाली टिकलं पाहिजे आणि साखरही ताब्यात राहिली पाहिजे. नाहीतर तुमच्याच जिवाला पुढे धोका. टिकलं तरच तारीख.

मंगळवारी आणि शुक्रवारी मिरजेला ह्यांना यंत्राला लावतात आणि मी बाहेर बाकावर बसते. तिथं बसून मी दुसरं काही करत नाही, तुमचा आकडा आठवत राहते. बरं नाहीये का तुम्हाला? काही झालंय का?

तुमची,
शालन

---

सातारा, १९ जुलै

शालनवहिनी,

पत्र मिळालं. काळजी करू नका. पाय जरा सुजतात, वयच तसं आहे. शिवाय तो काटा फरशीवर थोडा इकडेतिकडे झाला की वेगळंच दाखवतो. आमच्या ह्यांनी त्याच्याखाली पुठ्ठा घालून बघितला.

ॲपचं काम नेमानं चालू आहे. जेवायच्या आधी ताटाचा फोटो काढायचा, मग खायचं. तेवढ्यात आमटी निवते. ‘स्वानंदी’ नावाची कुणी मुलगी मला निरोप पाठवते, ‘संयोगिता, आज तुम्ही छान निवड केलीत!’ मी एकदा तिला विचारलं, बाळ, तू कुठल्या गावची? तर उत्तर आलं, ‘मला तुमचा प्रश्न समजला नाही, पाणी पिण्याची आठवण लावू का?’ तेव्हा कळलं की ती मुलगी नाहीच. तरी मी तिला बाळच म्हणते. दिवसभर माझ्या खाण्याची एवढी चौकशी आईनंतर कुणी केली नव्हती.

दादा अधूनमधून येऊन जातो. माजी सैनिकांच्या दवाखान्यातले कागद असतात त्याचे. आला की बरं वाटतं.

आकडा उतरेल. मी उतरवते.

संयोगिता

---

आष्टा, ६ ऑगस्ट

वन्सं,

उतरवते म्हणालात. आठवडाभर उतरला, हिरवा झाला, आणि परत चढला. आज एकोणऐंशी आहे.

शुक्रवारी यंत्रावर असतानाच ह्यांचा रक्तदाब एकदम पडला. डोळे पांढरे झाले. नर्सनं मला आत घेतलं नाही. काचेतून मला फक्त त्यांचे पाय दिसत होते, आणि ते पाय हलतात की नाही एवढंच मी बघत उभी होते. घरी आल्यावर ते म्हणाले, “झोप लागली हुती गं जराशी.”

मी लिहू नये ते लिहिते. तुमचं तोंड तुम्हाला आवरत नाही का? पुठ्ठा, सूज, वय, हे मला सांगू नका. देणार नसाल तर नाही म्हणा. मी तुम्हाला बोल लावणार नाही, कुणीच लावू शकत नाही. पण देते म्हणायचं आणि खात राहायचं, हे मला सोसत नाही. मी इथं त्यांना पाणी मोजून देते, वन्सं. ते घोटाघोटासाठी माझ्याकडे बघतात.

शालन

---

सातारा, २२ ऑगस्ट

वहिनी,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि राखीपौर्णिमा होऊ दिली. दादाच्या हातात राखी बांधायच्या आधी उत्तर लिहिलं असतं तर खरं लिहिता आलं नसतं.

मी खाते. काट्याचा काही दोष नाही.

दादा कागदांसाठी येत नाही. आला की पिशवी ओट्यावर ठेवतो आणि बाह्या वर करतो. पलटणीत वीस वर्षं लंगरात स्वयंपाक केलेला माणूस, त्याच्या हाताला अजून तोच वेग आहे. खवा, तूप, कधी मटण, कधी शेंगदाण्याच्या पोळ्या. मी म्हणते, “दादा, मला चालत नाही रे हे.” तो म्हणतो, “मला कुटं चालतंय? डाक्टरनं मला खाऊ नको म्हटलंय, बघू नको म्हटल्यालं न्हाई. तू खा, मी बघतो.”

आणि खरंच बघतो, वहिनी. स्टूल ओढून माझ्या ताटासमोर बसतो. मी घास घेतला की विचारतो, “मीठ बराबर हाय?” मी मान हलवली की त्याच्या चेहऱ्यावर असं काही येतं की वाटतं, त्याच्याच पोटात गेलं. त्याला केळं बंद, नारळपाणी बंद, आमटी बंद, तहान बंद. त्याचं जेवण आता एवढंच उरलंय, माझ्या तोंडानं. ते मी कसं तोडू? “अजून एक घे गं, संयू,” म्हणतो आणि वाढतो. निघताना बजावतो, “शालनला सांगू नगंस, ती मला पिशवीच उचलू द्यायची न्हाई.”

त्या दिवशी मी ॲपवर आदल्या दिवशीच्या ताटाचा फोटो पुन्हा टाकते. भाकरी, मेथी, काकडी. स्वानंदी लिहिते, ‘वा, छान सातत्य!’

तो गेला की मी दोन दिवस फक्त ताकावर काढते, चार भिंतींवर दोनदा चढते. आकडा जेमतेम खाली येतो, की तो परत दारात उभा. तुम्ही मला तोंड आवरत नाही म्हणालात. वहिनी, पहिल्या घासानंतर मला चवच लागत नाही.

संयोगिता

---

आष्टा, ३ सप्टेंबर

वन्सं,

मला क्षमा करा. आधी ते लिहिते, कारण पुढचं वाचल्यावर मी क्षमा मागितली हे तुम्हाला आठवणार नाही.

तुमचं पत्र आलं त्यानंतर मी गप्प राहिले आणि पाळत ठेवली. काल सकाळी ह्यांच्या फोनवर तुमचा आकडा हिरवा आला. मी मनात हात जोडले. ह्यांनी फोन पालथा ठेवला, चहा तसाच सोडला, आणि अर्ध्या तासानं पिशवी घेऊन चपला घालत होते.

मी म्हटलं, “कुठं?”

“साताऱ्याला. कागद हाईत.”

मी पिशवी उचलून बघितली. “कागदाला तूप लागतं काय?”

हसले. तुम्हाला ते हसणं माहीत आहे. मग उंबऱ्यावरच बसले, कारण हल्ली चपला घालूनसुद्धा दम लागतो.

मी म्हटलं, “तुमाला एवडं कळत न्हाई का, तिचं वजन वाढलं की तारीख जाती?”

“कळतंय की.”

“मग?”

“म्हणून तर जातो.”

वन्सं, मला आधी उमगलंच नाही. ते अंगणाकडे बघत बोलत होते, माझ्याकडे नाही. “शेताच्या कागदावर तिनं हक्क सोडल्याची सही दिली, तवा मी घेतली. कचेरीच्या दारात ती हसत हुती, मला म्हटली, दादा, चहा तरी पाज. मी चहा पाजला आन रान घेतलं. आता तिच्या पोटात हात घालू? बहिणीला द्यायचं असतंय, शालन. आपल्यात तिच्याकडनं घेत न्हाईत. माजा बा तिच्या दारात पानी पीत नव्हता.”

मी म्हटलं, “मग तोंडानं न्हाई म्हणा. तिला असं भरवत काय बसलाय?”

“तू आन सृष्टी म्हणू देशीला? आन तिला काय म्हणू, तुजं नगं मला? जलमभर त्वांड बघायची न्हाई माजं. वजनापायी र्‍हायलं म्हंजी कुणाचाच दोष न्हाई. फोनवर हिरवं दिसलं की मला धस्स हुतंय बग. लाल झालं की मी जेवतो.”

आपण त्यांना तुमचा सोबती केलं, वन्सं. तुमच्यावर लक्ष ठेवायला. रोज सकाळी ते यंत्र त्यांना इमानेइतबारे सांगत होतं, आज निघा म्हणून.

मी पिशवी काढून घेतली नाही. मला काढून घेता आली नाही. पण काल ते गेले नाहीत, उंबऱ्यावरच डोकं टेकून झोपले. पुन्हा निघाले तर मी त्यांना धरून ठेवू शकेन असं मला वाटत नाही. काय करायचं ते आता तुमच्या हातात आहे, असं लिहिताना मला लाज वाटते. सगळंच तुमच्या हातात देत आलो आहोत.

शालन

---

सातारा, २४ सप्टेंबर

वहिनी,

रविवारी तो आला. मी दार उघडलं नाही.

खिडकीतून रिक्षातून उतरताना दिसला. पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरलेली. दोन मजले चढायला त्याला किती वेळ लागला! प्रत्येक पायरीचा आवाज येत होता. आमचे हे कामावर होते. मी कडी लावली आणि दाराला पाठ टेकून जमिनीवर बसले.

“संयू. उगड गं.”

मी तोंडावर पदर धरला.

“कुकर लावू नगंस, मी सगळं आनलंय.”

तेवढ्यात समोरच्या शालूबाई बाहेर आल्या. त्यांना काय माहीत? त्या म्हणाल्या, “आवं पावनं, हायत की घरात. आत्ताच दळण घेऊन आल्यात.”

मग दादा मोठ्यानं म्हणाला, “न्हाईत वो. भाईर गेल्यात. मलाच म्हटली हुती ती, मी इसरलो.”

त्यानं मला शेजारणीपुढे खाली बघू दिलं नाही, वहिनी. दाराच्या त्या बाजूला उभं राहूनसुद्धा.

मग तो जिन्यात बसला. दाराच्या फटीतून मला त्याचा श्वास ऐकू येत होता. आम्ही दोघं एका लाकडाच्या दोन बाजूंना बसलो होतो आणि दोघांनाही ते ठाऊक होतं. मला वाटलं, आता बोलेल. मला वाटलं, आता मी बोलेन. पण माझं म्हणणं एकच, की तुला जगवायचंय, आणि ते त्याला माहीतच आहे. शेवटी उठला, आणि पिशवी शालूबाईंच्या दारात ठेवून गेला. त्यांच्या पोरांनी खाल्लं.

मी ॲपमधून त्याचं नाव काढणार होते. ‘सोबती काढून टाकायचा आहे का?’ असं विचारलं त्यानं. मी ‘नाही’ दाबलं. काढलं तर सकाळी त्याला माझं काहीच दिसणार नाही.

आज शहात्तर.

संयोगिता

---

आष्टा, १८ नोव्हेंबर

वन्सं,

बुधवारी तपासणी करून तुम्ही किती हलक्या पावलानं एसटीत चढलात! पंचाहत्तर किलो, साखर ताब्यात, सगळं बरोबर. डॉक्टर म्हणाले, एवढं निगुतीनं टिकवलेलं क्वचित बघायला मिळतं. सृष्टी तर तिथंच रडायला लागली. खिडकीतून तुम्ही मला तारीख कळवा म्हणालात, म्हणून हे मलाच लिहायला हवं.

शुक्रवारी ह्यांना एकट्याला आत बोलावलं. असा नियमच आहे, देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला वेगवेगळं विचारतात, कुणाची जबरदस्ती नाही ना म्हणून. मी देणाऱ्यावरच्या जबरदस्तीचाच विचार केला होता. घेणाऱ्याला पण विचारतात हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

भाऊबीजेला तुम्ही इकडे आलात तेव्हा ह्यांनी स्वतः तुमच्या ताटात भाकरी आणि दोडक्याची भाजी वाढली. लाडवाचं ताट उचलून आत नेऊन ठेवलं. मला वाटलं, मानलं ह्यांनी. तुमच्या ओवाळणीपुढे मान खाली घालून बसले होते ते मी शरण येणं समजले. त्यांचं तेव्हाच ठरलं होतं. आता खाऊ घालून उपयोग नाही, म्हणजे तोंडानं बोलणं आलं, एवढंच.

आतून बाहेर आले ते सरळ पाण्याच्या यंत्राकडे गेले आणि अर्धा पेला पाणी प्याले. मी अडवलं नाही. मी विचारलं, “काय सांगितलंसा?”

“न्हाई म्हटलं.”

मग डॉक्टरांनी मला आणि सृष्टीला बोलावलं. त्यांचा आवाज फार मऊ होता. पेशंटची तयारी नसेल तर आमचे हात बांधलेले आहेत, म्हणाले. मरणोत्तर दानातल्या किडनीसाठी यादीत नाव घालतो, पण यादी लांब आहे. सृष्टी बापाच्या अंगावर ओरडली, साऱ्या बाकांवरची माणसं बघायला लागली. हे तिला म्हणाले, “वरडून घे, पोरी. म्हातारा हाय तवर वरडून घे.” आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले.

मी घरी येऊन त्यांच्या पाया पडले, वन्सं. हो म्हणा म्हणून. पंचवीस वर्षांत सणासुदीशिवाय पडले नव्हते. त्यांनी मला उठवलं आणि म्हणाले, “तिला म्हणावं, आता पोटभर जेव.”

मी म्हणत नाही. निरोप फक्त पोचवला.

शालन

---

सातारा, ९ डिसेंबर

वहिनी,

उत्तराला उशीर झाला. तीन पत्रं लिहून फाडली. एक दादाला होतं.

मी आले होते. तुम्हाला सांगितलं नाही. गेल्या मंगळवारी मी सरळ मिरजेला गेले, तुम्ही औषधं आणायला खाली गेला होतात तेव्हा आत गेले. तो यंत्राला लावलेला होता, दोन नळ्यांतून त्याचं रक्त जात-येत होतं. मला बघून म्हणाला, “वाळलीस गं.” मी म्हटलं, “दादा, मी माझ्या खुशीनं देतेय.” तर म्हणाला, “तू खुशीनंच देतीस. रान पन खुशीनंच दिलंस.” मग डोळे मिटले. मी त्याचा मोकळा हात धरून बसले. तो हात गार होता. त्यानं सोडवून घेतला नाही, एवढंच मला मिळालं. तुमची पावलं ऐकू आली तशी मी दुसऱ्या दारानं निघाले. तुमच्यासमोर मला रडायचं नव्हतं.

मी पोटभर जेवत नाही, वहिनी. पहाटे उठते, चार भिंतींपर्यंत जाते, अर्धी भाकरी खाते, ताटाचा खरा फोटो टाकते. आमचे हे विचारतात, आता कशाला? मी सांगते, सवय लागलीय. खरं ते त्यांनाही कळतं. उद्या त्याचं मन फिरलं, दम लागून घाबरला, सृष्टीकडे बघून पाघळला, काहीही झालं, आणि तो हो म्हणाला, तर त्या दिवशी मी तयार नाही असं व्हायला नको. पुन्हा वजन उतरवायला दहा महिने लागले, तर तेवढे त्याच्याकडे असतील असं मला वाटत नाही.

परवा ॲपनं अभिनंदन केलं. हिरव्या पट्ट्यात सलग इतके दिवस राहिल्याबद्दल. मग नवीनच पान उघडलं. ‘हे वजन तुम्हाला कशासाठी टिकवायचे आहे?’ खाली पर्याय होते. आरोग्य. आत्मविश्वास. घरातले लग्नकार्य. आवडते कपडे. मी सगळे वाचले. शेवटी ‘इतर’ दाबलं.

त्याच्यापुढे विचारलं, ‘कधीपर्यंत?’ आणि दिनदर्शिका उघडली. बोटानं ढकललं की महिने पुढे सरकतात. जानेवारी, मार्च, जून. मी जूनवर थांबले, परत मागे आले. फार पुढची तारीख भरायला मन धजेना, जवळची भरवेना.

सृष्टीनं फोनवर सांगितलं की शुक्रवारी डॉक्टरांनी तुम्हाला एकटीला आत घेतलं होतं आणि तुम्ही घरी काहीच बोलला नाहीत. वहिनी, दादाबद्दल ते काय म्हणाले ते मला लिहा. माझी काळजी करू नका, जसं म्हणाले तसंच लिहा. तारीख भरल्याशिवाय ते पान पुढे जात नाही, आणि मी दोन दिवस ते तसंच उघडं ठेवलंय.

तुमची,
संयोगिता